चिमणीला हात लावण्याआधी

अगं, तुझा फोन ठेवल्यापासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय. तुझं म्हणणं मला पटतं. इंग्लंडमधल्या जुन्या टेरेस घरांत खोल्या मुळातच अरुंद, त्यात ती भिंतीतून पुढे आलेली चिमणी ब्रेस्ट. सोफा धड लागत नाही, देवघराला कोपरा उरत नाही. काढायची असेल तर जरूर काढ. पण ‘शनिवार-रविवारात पाडून देतो, कागदपत्रं कशाला हवीत’ म्हणणाऱ्या त्या बिल्डरला आजच नाही म्हणून सांग.

आधी टॉर्च घेऊन लॉफ्टमध्ये चढ. दिवाणखान्यात दिसते ती चिमणी तिथेच संपत नाही. ती वरच्या बेडरूममधून, लॉफ्टमधून छपराबाहेर जाते आणि तिचा सगळा भार खालच्या विटांवर असतो. एक घनमीटर वीटकामाचं वजन दोन टनांच्या आसपास भरतं, यावरून काय ते समज. तुझ्या बेडरूमची ती भिंत सपाट आहे म्हणालीस ना? मग तिथली चिमणी आधीच्या कुणीतरी काढलेली दिसते. लॉफ्टमध्ये अजून विटांचा खांब उभा असेल, तर तो कशावर टेकलाय ते नीट बघ. खाली लोखंडी बीम आहे की नुसते जुने लाकडी वासे? वासेच असतील तर बाकी सगळं बाजूला ठेव आणि लगेच स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलाव. इतकी वर्षं पडलं नाही म्हणजे पक्कं आहे, असं मुळीच समजू नकोस.

बिल्डर म्हणेल, ‘गॅलोज ब्रॅकेट लावू, काम स्वस्तात होईल.’ हे भिंतीला बोल्टने ठोकलेले त्रिकोणी लोखंडी आधार. अनेक कौन्सिलं ते मान्यच करत नाहीत. जिथे करतात तिथेही भिंत किमान नऊ इंची आणि धडधाकट लागते, शिवाय पलीकडे शेजाऱ्याची चिमणी शाबूत असावी लागते. दोघांनीही आपापली चिमणी काढून एकाच भिंतीवर भार टांगला तर ती भिंत काय करेल? विटांमधला जुना चुना किल्लीने खरवडून बघ. वाळूसारखा भुरभुरत असेल तर त्यात ठोकलेल्या बोल्टवर तू झोपशील का? दोन भक्कम भिंतींवर, खाली पॅडस्टोन, म्हणजे भार पसरवणारा ठोकळा, देऊन टेकवलेला स्टीलचा बीम बरा. तोही कोणत्या मापाचा ते इंजिनिअरने हिशेब करून ठरवायचं. बिल्डरच्या अंदाजावर सोडू नकोस.

आता कायद्याचं. प्लॅनिंगची परवानगी बहुतेक वेळा लागत नाही. घर लिस्टेड, म्हणजे वारसा यादीतलं असेल, किंवा संरक्षित भागात असून छपरावरची चिमणीही काढायची असेल, तर मात्र कौन्सिलला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. फ्लॅट असता तर फ्रीहोल्डरचीही संमती लागली असती. बिल्डिंग रेग्युलेशनची मंजुरी मात्र लागतेच. नुसती बिल्डिंग नोटीस दिली तरी काम सुरू करता येतं, पण तू फुल प्लॅन्सचा अर्ज कर. त्यात आराखडा आणि हिशेब काम सुरू होण्याआधीच तपासले जातात. बीम प्लास्टरबोर्डखाली झाकण्याआधी बिल्डिंग कंट्रोलच्या इन्स्पेक्टरला दाखवायचा, हे बिल्डरकडून लेखी घे.

शेजाऱ्यांचं सगळ्यात मनावर घे. चिमणी सामायिक भिंतीला लागून असेल तर १९९६ च्या पार्टी वॉल कायद्याप्रमाणे काम सुरू होण्याआधी दोन महिने त्यांना नोटीस द्यावी लागते. १४ दिवसांत त्यांची लेखी संमती आली नाही तर वाद आहे असंच धरतात, मग सर्व्हेअर नेमावा लागतो आणि खर्च बहुधा तुझ्याच माथी येतो. म्हणून नोटीस दारातून सरकवून येऊ नकोस. बेल वाजव, बस, आराखडा दाखव. ते शेकोटी वापरतात का तेही विचार. दोन्ही घरांच्या धुराड्यांमध्ये कधीकधी एकाच विटेचा पातळ पडदा असतो. फोडताना त्याला भोक पडलं तर त्यांच्याकडचा कार्बन मोनॉक्साइड तुझ्या घरात येईल. त्याला वास नसतो, रंग नसतो. तुझ्या घरात लहान मूल आहे, म्हणून मी हे इतकं लावून धरतेय.

गॅस फायर असेल तर ती गॅस सेफ नोंदणी असलेल्या माणसानेच बंद करायची. तिच्यामागे जुना बॅक बॉयलर निघाला तर ॲस्बेस्टॉसची तपासणी आधी. धुराडं साफ करून घे, नाहीतर काजळी पडद्यांपासून पिठाच्या डब्यापर्यंत सगळीकडे बसेल. चिमणीचा जो भाग ठेवशील त्याला वरून टोपी आणि हवेला वाट ठेव. कोंडलं तर ओल धरते.

‘मंजुरी नसली तरी घर विकताना इन्डेम्निटी पॉलिसी घेऊ, काम झालं,’ असं कुणी सांगेल. ती पॉलिसी कौन्सिलने कारवाई केली तर होणाऱ्या नुकसानीपुरती असते. वरून विटा आल्या तर ती उपयोगाची नाही. घराच्या विमा कंपनीलाही काम सुरू होण्याआधी कळव, आणि बँकेच्या कर्जाच्या अटी एकदा वाचून घे.

आणि पैशांचं ऐक. बिल्डरचा शेवटचा हप्ता बिल्डिंग कंट्रोलचं कम्प्लीशन सर्टिफिकेट तुझ्या हातात पडल्यावरच द्यायचा. करारात तसं लिहून घे, आणि सही करण्याआधी तो करार मला पाठव.