वसतिगृहातील कावीळ आणि शेजारधर्म

प्रश्न : पुण्यात शिकणाऱ्या एका परदेशी विद्यार्थ्याला वसतिगृहात कावीळ झाली आहे. शेजारची मुले जवळ जायला घाबरतात. काय करावे?

उत्तर : या प्रसंगाला पुण्यातच जुना दाखला आहे. फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे डॉ. शां. ब. मुजुमदार वसतिगृहाचे रेक्टरही होते. मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीमुळे खोलीत एकटा पडला होता आणि एक मुलगी त्याला खिडकीतून जेवण देत होती, हे त्यांनी पाहिले. घरापासून दूर आलेल्या मुलांचे एकटेपण त्यांच्या मनाला लागले. त्यातूनच १९७१ साली सिंबायोसिस या संस्थेचा जन्म झाला. परदेशी आणि भारतीय विद्यार्थ्यांनी एकमेकांना ओळखावे, हा तिचा मूळ हेतू.

काविळीच्या रुग्णाला असे एकटे पाडण्याची गरज सहसा नसते. काविळीला कारण ठरणाऱ्या हिपॅटायटिसचे ए आणि ई हे प्रकार मुख्यतः दूषित पाण्यातून व अन्नातून पसरतात, शेजारी बसून बोलल्याने नव्हे. वेगळी भांडी, शक्य तर वेगळे स्वच्छतागृह, उकळलेले पाणी आणि साबणाने हात धुणे, एवढी काळजी घ्यावी. बी आणि सी हे प्रकार रक्तातून पसरतात. त्यामुळे वस्तरा किंवा टूथब्रश एकमेकांचा वापरू नये. नेमका प्रकार रक्ततपासणीतच कळतो, म्हणून आधी डॉक्टर गाठावा. पॅरासिटामॉलसुद्धा न विचारता देऊ नये, कारण यकृतावर आधीच ताण असतो. गुंगी, असंबद्ध बोलणे, रक्तस्राव किंवा न थांबणाऱ्या उलट्या दिसल्यास तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. विम्याची कागदपत्रे आणि रुग्णाची भाषा जाणणारा एखादा सोबती बरोबर असावा.