वाऱ्याची चाहूल

वैशाखातील सकाळ. उजनीच्या विस्तीर्ण जलाशयावर वाऱ्याचे नावही नसते. पाणी आरशासारखे निश्चल असते. रात्री टाकलेली जाळी काढून मच्छीमारांच्या होड्या संथपणे काठाकडे परतत असतात. काठावर उभ्या असलेल्या बगळ्याचे प्रतिबिंब पाण्यात जराही हलत नाही. परंतु त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी पश्चिमेस काळाभोर ढग उठतो, धुळीचा लोट धावत येतो आणि पाहता पाहता सारे पाणी खवळून उठते. सकाळी ज्या पाण्यावर लहान मूलही निर्भयपणे बसले असते, तेथे आता पट्टीच्या नावाड्यालाही काठ गाठणे कठीण होते.

एकाच दिवसाची ही दोन रूपे घडवणारा वारा डोळ्यांना दिसत नाही. पण येण्यापूर्वी तो आपली चाहूल देतो. नदीकाठी राहणाऱ्याने आणि नदीवर सहलीस जाणाऱ्याने ती चाहूल ओळखावयास शिकले पाहिजे.

भीमा नदी भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावते आणि पुणे जिल्ह्यातून वाहत सोलापूर जिल्ह्यात येते. माढा तालुक्यातील उजनी गावाजवळ तिच्यावर बांधलेले मोठे धरण १९८० साली पूर्ण झाले. धरणामागे पसरलेल्या पाण्याला यशवंतसागर असे नाव आहे. ज्या नदीपात्रातून पूर्वी लोक उन्हाळ्यात पायी पलीकडे जात, तेथे आता अथांग पाणी आहे. करमाळा तालुक्यातील गावकऱ्यांना समोरच्या इंदापूर तालुक्यात सडकेने जावयाचे तर मोठा वळसा पडतो. म्हणून पुष्कळ लोक होडीने पलीकडे जातात. हिवाळ्यात येथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. ते पाहण्यासाठी दूरदूरची मुले आणि माणसे होडीत बसून पाण्यावर जातात.

भीमेच्या खोऱ्यातील वाऱ्याला ऋतुपरत्वे निरनिराळे स्वभाव असतात. संक्रांतीच्या सुमारास, सोलापुरात श्रीसिद्धेश्वरांची यात्रा भरते तेव्हा, वारा बहुधा सौम्य असतो. पतंग उडवणारी मुले त्याची वाट पाहत गच्चीवर उभी राहतात. आषाढात पश्चिमेचा पावसाळी वारा दिवसच्या दिवस वाहतो. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांच्या पताका तेव्हा पूर्वेकडे फडफडत असतात. हा वारा जोरदार असला तरी त्याची दिशा आणि वेळ सहसा ठाऊक असते. खरा फसवा वारा तो वळवाचा. चैत्र-वैशाखात तो अचानक येतो, घटकाभर थैमान घालतो आणि निघून जातो.

वळवाचा वारा एवढा जोरकस का असतो? उन्हाळ्यात सोलापूरकडील जमीन तापून निघते. तापमान ४० अंशांच्या वर जाते. जमिनीलगतची तापलेली हवा हलकी होऊन वर चढते. तिच्यातील बाष्पाचे ढग बनतात आणि ते डोंगरासारखे उंच वाढत जातात. अशा ढगातून पडणारे थेंब वाटेतील कोरड्या हवेत विरून जाऊ लागतात. थेंबांची वाफ होताना भोवतालची हवा थंड होते. थंड झाली की ती जड होते आणि वेगाने खाली कोसळते. भरलेली घागर फरशीवर उपडी केली तर पाणी जसे चहूकडे धावते, तशी ही हवा जमिनीवर आदळून चहूकडे धावत सुटते. म्हणूनच पाऊस दूर असतानाच गार वाऱ्याचा झोत अंगावर येतो. पावसाचा पहिला थेंब पडेपर्यंत वाट पाहणाऱ्यास तेव्हा फार उशीर झालेला असतो.

जमिनीवर झाडे, घरे आणि टेकड्या या वाऱ्याला अडवतात. मोकळ्या पाण्यावर त्याला अडवणारे काहीच नसते. जितक्या लांबवर तो पाण्यावरून वाहत येतो, तितक्या लाटा उंच होत जातात. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याचा जोर दुप्पट न होता चौपट होतो. लहान होडी अशा वेळी आडवी सापडली की उलटावयास क्षणाचाही अवधी लागत नाही.

असा दुर्दैवी प्रसंग उजनीवर घडला आहे. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली एक होडी वादळी वाऱ्यात सापडून उलटली. एक प्रवासी पोहत काठाला लागला; परंतु ६ जणांचे प्राण गेले. त्यांत लहान मुलेही होती. ही माणसे काही धाडस करावयास निघाली नव्हती. रोजच्या वाटेने ती पलीकडे जात होती. ओळखीच्या पाण्यावरचा वारा नेहमी ओळखीचा असतोच असे नाही, हे या प्रसंगाने साऱ्यांना दाखवून दिले.

मग वाऱ्याची चाहूल कशी घ्यावी? पहिले साधन म्हणजे आपले डोळे. १८०५ साली ब्रिटिश नौदलातील अधिकारी फ्रान्सिस ब्यूफोर्ट याने वाऱ्याच्या जोराला क्रमांक देण्याची पद्धत आखली. पुढे तिला जमिनीवरील खुणाही जोडण्यात आल्या. धूर सरळ वर जात असेल तर वारा शांत, म्हणजे शून्य क्रमांकाचा. तोंडाला वारा लागून पाने सळसळली, तर तो दुसऱ्या क्रमांकाचा. धूळ आणि कागद उडून लहान फांद्या हलू लागल्या, की तो चौथ्या क्रमांकाचा. त्याचा वेग ताशी सुमारे २० ते २८ किलोमीटर असतो. मोठ्या फांद्या हलू लागल्या आणि छत्री सावरेना, की तो सहाव्या क्रमांकाचा झाला असे समजावे. लिंबाच्या झाडाखाली उभा असलेला मुलगाही कोणत्याही यंत्रावाचून हे मोजमाप करू शकतो.

दुसरे साधन शास्त्राचे. भारताचे हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. ते हवेचा दाब, तापमान, वाऱ्याची दिशा आणि वेग यांच्या नोंदी घेते. उपग्रह आणि रडार यांच्या साहाय्याने ढगांवर नजर ठेवते. त्यावरून प्रत्येक जिल्ह्यासाठी इशारे दिले जातात. हिरवा रंग म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे सज्ज राहा. लाल म्हणजे तत्काळ कृती करा. वादळी ढग जवळ आल्यास पुढील तीन तासांपुरता तातडीचा अंदाजही प्रसिद्ध होतो. विजेची सूचना देण्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ नावाचे मोबाईल ॲप तयार केले आहे.

मात्र अंदाज म्हणजे वचन नव्हे. वळवाचा ढग एका गावावर कोसळतो आणि शेजारचे गाव कोरडे ठेवतो. जिल्ह्याचा अंदाज ऐकून घरून निघावे. पण काठावर पोचल्यावर आकाशाकडे पाहून पुन्हा विचार करावा. पश्चिमेस काळा ढग चढत आहे, अंगाला एकाएकी गार झुळूक लागते आहे, दूर पाण्याचा रंग काळसर होऊन त्यावर पांढरा फेस दिसतो आहे, यांपैकी एकही खूण दिसली तरी होडी काठाला लावावी. गडगडाट ऐकू आला की पाण्यावर आणि एकट्या झाडाखाली थांबू नये. होडीत बसताना प्रत्येकाने लाईफ जॅकेट घालावे आणि होडीत ठरल्याहून अधिक माणसे घेऊ नयेत.

सहलीस आलेल्या मुलांना नावाडी कधी कधी सांगतो, “आज नको, बाळांनो. वारा सुटणार.” मुले हिरमुसतात. पण हे सांगणारा नावाडी त्या दिवसाची कमाई सोडून त्यांचे प्राण राखीत असतो. काठावरून परत फिरण्यात भित्रेपणा नाही. पाणी उद्याही तेथेच असते, पक्षीही असतात. ते पाहावयास आपण असलो पाहिजे.

अभ्यास

१. वळवाचा वारा पावसाच्या आधी का येतो, ते तुमच्या शब्दांत सांगा.
२. करमाळा तालुक्यातील लोक होडीने प्रवास का करतात?
३. ‘अंदाज म्हणजे वचन नव्हे’ या वाक्याचा अर्थ उदाहरण देऊन स्पष्ट करा.
४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : निश्चल, थैमान घालणे, हिरमुसणे.
५. आठ दिवस सकाळी व सायंकाळी शाळेजवळील एका झाडाचे निरीक्षण करा. वाऱ्याचा क्रमांक वहीत लिहून तो हवामान खात्याच्या अंदाजाशी ताडून पाहा.