सार्वभौमत्व आणि स्वावलंबन : साताऱ्याचा धडा

सार्वभौमत्व म्हणजे आपले निर्णय आपण घेण्याचा अधिकार. गादी आणि दरबार असला म्हणजे तो असतोच असे नाही. यासाठी विद्यार्थ्यांनी साताऱ्याचा इतिहास अभ्यासावा.

पेशवाई बुडाल्यावर १८१९ च्या तहाने कंपनी सरकारने प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याचे राज्य दिले. पण दरबारावर इंग्रज रेसिडेंटची देखरेख आली आणि इतर संस्थानांशी परस्पर व्यवहारास मनाई झाली. १८३९ मध्ये महाराजांना पदच्युत करून काशीला पाठविले. त्यांच्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले. म्हणजे दाद मागायची तीही अन्याय करणाऱ्याकडेच! १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून राज्य खालसा झाले. देणाऱ्यानेच ते काढून घेतले.

याच भूमीत, आजच्या सातारा-सांगली जिल्ह्यांत, १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार चालले. गावकऱ्यांनी इंग्रजांच्या कोर्टाकडे पाठ फिरवून आपले तंटे गावातच मिटविले. खरे स्वावलंबन ते हेच.

स्वातंत्र्यानंतरही सावध राहावे लागते. १९९१ मध्ये परकीय चलन संपत आल्याने भारताला सुमारे ४७ टन सोने परदेशी बँकांकडे गहाण ठेवावे लागले.

साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखल झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत इशारा दिला, की सामाजिक व आर्थिक विषमता राहिली तर लोकशाहीची इमारत धोक्यात येईल. सावकाराच्या दारी उभा असलेला नागरिक राष्ट्राचे सार्वभौमत्व कसे पेलणार? म्हणून शिक्षण, बचत आणि संघटन ही राष्ट्ररक्षणाचीच कामे आहेत.

जय भीम!