कुत्र्यामांजरांची निगा : वयाच्या चार पायऱ्या

गाईचे कितवे वेत चालू आहे, बैल किती दाती आहे, हे आपल्या घरातील लहान मूलही सांगते. परंतु दारच्या कुत्र्याचे वय विचारले असता उत्तर सहसा मिळत नाही. बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली नांदुरा-मलकापुराकडे असो, की घाटावर चिखली-मेहकराकडे असो, कुत्रा रात्री शेत राखतो व मांजर धान्याची कणगी उंदरांपासून वाचवते. असे असूनही ह्या दोघांस गुरांच्या दवाखान्यात नेण्याची रीत आपल्यांत थोडी. आजार दिसला म्हणजे धावपळ करावयाची, हा क्रम उलटा आहे. निगा आजारावरून नव्हे, तर वयावरून ठरवावी, हा ह्या पाठाचा विषय होय.

१. पिलाचे वय. जन्मल्यावर आईचा चीक पोटात गेला म्हणजे पिलास काही आठवडे रोगांपासून संरक्षण मिळते. हे संरक्षण ओसरू लागते तेव्हाच पिलास धोका अधिक. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो व डिस्टेंपर ह्या रोगांवरील लस टोचून घ्यावी. आईकडून आलेले संरक्षण शिल्लक असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही. यास्तव एकच सुई पुरत नाही, ती तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत पुन्हा द्यावी लागते. मांजराच्या पिलांसही त्यांची वेगळी लस असते. पिसाळण्याच्या रोगावरील, म्हणजे रेबीजची, लस दोघांसही तीन महिने पुरे झाल्यावर द्यावी.

जंतांचे औषध तर कुत्र्याच्या पिलास दोन आठवड्यांपासून व मांजराच्या पिलास तीन आठवड्यांपासून सुरू करावे. ह्यात मुलांचेही हित आहे. पिलाच्या विष्ठेतील जंतांची अंडी अंगणाच्या मातीत मिसळतात, आणि मातीत खेळणाऱ्या मुलाच्या पोटात गेल्यास क्वचित डोळ्यासही इजा करतात.

२. तारुण्य. सहा महिन्यांच्या सुमारास नसबंदीविषयी डॉक्टरांस विचारावे. कुत्री बहुधा वर्षातून दोनदा माजावर येते. नको असलेली पिले गावाबाहेर सोडून देणे ह्याला उपाय म्हणता येत नाही. त्यांतून जी जगतात ती लसीवाचून वाढतात व पुन्हा गावातच येतात.

३. प्रौढ वय. वर्षातून एकदा तपासणी व रेबीजची लस, आणि डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, साधारणतः दर तीन महिन्यांनी, जंतांचे औषध, इतका नेम पुरे. गोचीड वेळीच काढावेत. त्यांच्यापासून कुत्र्यास रक्ताचा ताप येतो. परंतु गुरांवर फवारण्याचे गोचिडांचे औषध मांजरास कदापि लावू नये. त्यातील कित्येक औषधे मांजरास विष होत. तसेच माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

४. म्हातारपण. कुत्रा सात-आठ वर्षांचा व मांजर दहाच्या पुढे गेले म्हणजे तपासणी वर्षातून दोनदा करावी. फार पाणी पिणे, वरचेवर लघवी, तोंडाची दुर्गंधी, सडांत गाठ, ही लक्षणे केवळ वयाची म्हणून सोडून देऊ नयेत. पुष्कळदा ती उपचार होण्यासारख्या रोगाची असतात.

आता मुख्य गोष्ट. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. आणि माणसास होणाऱ्या ह्या रोगापैकी सुमारे ९९ टक्के कुत्र्यामुळे होतो. बळी पडणाऱ्यांत दहांतील चार पंधरा वर्षांखालील मुले असतात. तथापि गावातील १०० पैकी ७० कुत्र्यांस लस असेल तर रोगाची साखळी तुटते. म्हणजे ५० कुत्र्यांच्या गावात ३५ कुत्र्यांस लस पाहिजे. हे अशक्य नाही. शेजारच्या गोव्यात अनेक वर्षे दरसाल कुत्र्यांस लस टोचण्याचा नेम चालविला गेला, आणि २०१८ ते २०२० ह्या तीन वर्षांत तेथे रेबीजने एकही माणूस दगावल्याची नोंद झाली नाही.

कुत्रा अथवा मांजर चावल्यास जखमेस हळद, मिरची किंवा चुना लावू नये. मंत्र-उताऱ्यात एक घटकाही दवडू नये. वाहत्या पाण्याने व साबणाने जखम पंधरा मिनिटे धुवावी व तडक सरकारी दवाखान्यात जावे. जनावर पाळीव आहे, त्यास लस दिलेली आहे, म्हणून थांबू नये. पोटातील चौदा सुयांचे भय कित्येकांच्या मनात अजून आहे. ती जुनी लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता सुई दंडावर असते : पहिल्या दिवशी, व तेथून ३, ७ आणि २८ दिवसांनी. जखम खोल असल्यास जखमेभोवती आणखी एक औषध टोचतात. मुलास बरे वाटले तरी एकही सुई चुकवू नये.

उपदेशक बंधूंस आमची सूचना अशी की, एका वहीत गावातील प्रत्येक कुत्र्यामांजराचे वय व शेवटच्या लसीची तारीख लिहावी, आणि धनी नसलेल्या कुत्र्यांची संख्या वेगळी मांडावी. ही वही घेऊन सरपंचांसह पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे व एक दिवस ठरवून मागावा. एकट्या कुत्र्यास दूर नेणे गरिबास जड जाते. सर्व गाव मिळून मागितल्यास काम सोपे होते.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न :
१. पिलास एकच सुई का पुरत नाही?
२. आपल्या गावात कुत्री किती, आणि सत्तर टक्के म्हणजे किती?
३. आज रात्री एखाद्या मुलास कुत्रा चावला, तर प्रथम काय कराल?