प्रीऑर्डरच्या फॉर्मवर सही करण्याआधी

गोव्यातल्या मोरजी, आश्वे, मांद्रे या पट्ट्यात किंवा तिकडे रामेश्वरमकडे काइटसर्फिंगचं सामान विकायचं ज्यांच्या मनात असेल, त्यांच्यासाठी हे लिहितोय. राग अजून गेलेला नाही, तो लपवणारही नाही. बँकेतल्या साहेबांपासून सासऱ्यांपर्यंत सगळ्यांनी मला एकच प्रश्न विचारलाय, "एवढा माल मागवलासच कशाला?" ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांना तो प्रश्न शहाणपणाचा वाटतो.

या धंद्यात दुकानदार माल हवा तेव्हा मागवू शकत नाही. पुढच्या हंगामाचे काइट कित्येक महिने आधी बुक करावे लागतात, तेही कॅटलॉगमधले फोटो पाहून. आगाऊ रक्कम भरायची, जितकी मोठी ऑर्डर तितकं मार्जिन जास्त, आणि एका ठरावीक रकमेच्या खाली ऑर्डर घेतच नाहीत. त्यातही मापं निवडायची मुभा नसते. आमच्याकडे दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो, बहुतेक दिवस 12 ते 16 नॉट. त्यात चालतात 10, 12 आणि 14 मीटरचे काइट. पण पॅकेजमध्ये 5, 6, 7 मीटरचेही असतात. ही मापं गोव्यात विकली जात नाहीत, हे मी वितरकाला लेखी कळवलं होतं. संपूर्ण आशियासाठी पॅकेज एकच आहे, असं उत्तर आलं. ते मेल मी जपून ठेवलंय.

मग 2020 उजाडलं. परदेशी पर्यटक बंद झाले, पण पुण्या-बंगळुरूची मंडळी लॅपटॉप घेऊन मांद्र्यात राहायला आली आणि दुपारी पाण्यात उतरू लागली. जगभर हेच घडत होतं. सगळ्यांना मोकळ्या हवेतला खेळ हवा होता, आणि शिलाईचे कारखाने श्रीलंका, व्हिएतनाम, चीन इथे कधी चालू तर कधी बंद. सप्टेंबर 2021 मध्ये ड्र्यूरी या सल्लागार संस्थेच्या जहाजभाड्याच्या निर्देशांकात चाळीस फुटी कंटेनरचं भाडं 10,377 डॉलरवर गेलं होतं. आपल्याकडे कस्टम ड्युटी मालाच्या किमतीत वाहतूक आणि विमा मिळवून लागते. म्हणजे भाडं वाढलं की ड्युटीही वाढते, आणि ती वाढ दुकानदाराच्या खिशातून जाते.

त्याच काळात आमच्या विभागीय वितरकाच्या सेल्स मॅनेजरचा व्हिडिओ कॉल आला. कोटा पद्धत सुरू होतेय, गेल्या वर्षीच्या दुप्पट बुक केलं नाही तर 2022 ला माल मिळण्याची खात्री नाही, असं त्याने स्वच्छ सांगितलं. "आपण पार्टनर आहोत," हे वाक्य त्या कॉलमध्ये किती वेळा आलं असेल! माझ्या काइट शाळेत शिकायला येणाऱ्यांची वेटिंग लिस्ट होती. माल नाही म्हटलं तर शाळा बंद. मी कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून घेतली आणि सही केली.

आता मागे वळून पाहिल्यावर यंत्रणा स्पष्ट दिसते. प्रत्येक दुकानाला हेच सांगितलं गेलं, म्हणून प्रत्येक दुकानाने दुप्पट बुक केलं. तो आकडा बेरीज होऊन कारखान्यापर्यंत गेला आणि तिथे खरी मागणी म्हणून छापला गेला. मग सगळा माल एकदम बंदरात उतरला. तोवर लोक ऑफिसात परतले होते, युरोपात महागाई आणि व्याजदर चढले होते. शिवाय 2019 च्या सुमारास विंग फॉइल, म्हणजे हातात धरायचा पंख आणि पाण्याबाहेर उचलणारा बोर्ड, बाजारात आलं होतं. दोन-तीन वर्षांनी नवा काइट घेणारं नेहमीचं गिऱ्हाईक आता तेच पैसे विंग, फॉइल आणि त्याच्या बोर्डावर घालू लागलं. ऑलिंपिकमुळे धंदा वाढेल असं मला अनेकांनी सांगितलं. पॅरिस 2024 मध्ये मार्सेलच्या समुद्रात काइट पहिल्यांदा उतरला हे खरं, पण ते शर्यतीचं वेगळं आणि महागडं सामान. मोरजीत शिकणाऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकाला माहीत नसते. बरेच ब्रँड एकाच जपानी कंपनीचं, तेजिनचं, कापड वापरतात. 1984 मध्ये लेगेनू बंधूंनी फ्रान्समध्ये पेटंट घेतलेली हवा भरायच्या नळ्यांची रचना आता सगळ्यांना खुली आहे. माल साचला की एका ब्रँडला दुसऱ्याहून वेगळं दिसायला किंमत पाडण्याखेरीज फारसं काही उरत नाही.

मला हे कळलं ते आश्व्याच्या किनाऱ्यावर. पुण्याचा एक मुलगा, माझ्याकडेच शिकलेला, स्वतःचा पहिला 12 मीटरचा काइट घेणार होता. मी त्याला जमेल तेवढी सूट दिली होती. त्याने संकोचत फोन पुढे केला. "दादा, हा तोच आहे ना?" तोच होता. तेच मॉडेल, तोच रंग, तेच वर्ष. दुकान कुणा भलत्याचं नव्हतं, ब्रँडचं स्वतःचं ऑनलाइन दुकान होतं. आणि लावलेली किंमत मी वितरकाला भरलेल्या किमतीपेक्षा कमी होती. माझी ड्युटी, वाहतूक, भाडं, पगार सगळं बाजूला ठेवा, नुसत्या खरेदीच्या किमतीपेक्षा कमी. मी त्या मुलाला म्हटलं, तिकडूनच घे. दुसरं काय सांगणार होतो? तो दहा वेळा सॉरी म्हणाला. ज्यांनी म्हणायला हवं होतं ते एकदाही म्हणाले नाहीत.

त्या रात्री मी मॅनेजरला फोन केला. उचलला नाही. पुढच्या आठवड्यात उत्तर आलं ते असं, की ही बाजाराची दुरुस्ती आहे आणि ती सर्वांनाच सोसावी लागेल. मी रडगाणं गायलं नाही, तोडगा दिला. कस्टम्स कायद्याच्या कलम 74 खाली न वापरलेला आयात माल दोन वर्षांच्या आत परत निर्यात केला तर भरलेल्या ड्युटीपैकी 98 टक्क्यांपर्यंत परत मिळू शकते. सीलबंद खोकी परत घ्या, पाठवण्याचा खर्च मी करतो, ड्युटी मी सोडवून घेतो, तुम्ही फक्त क्रेडिट नोट द्या, असं सगळं हिशेबासकट लिहून पाठवलं. एका ओळीत नकार आला. आणि त्याच आठवड्यात पुढच्या वर्षाचा प्रीऑर्डर फॉर्म आला, तीच सक्तीची मापं घेऊन.

तर ज्यांना यात पडायचंच आहे त्यांनी पहिली मागणी ही करावी. माल हातात आल्यापासून ठरावीक महिन्यांत ब्रँडने किंवा वितरकाने किंमत उतरवली, तर न विकलेल्या प्रत्येक नगावरचा फरक तुम्हाला परत मिळेल, हे करारात लिहून घ्या. न विकलेल्या नगांचे सिरियल नंबर दर महिन्याला मेलने पाठवत राहा, नाहीतर कोणते नग विकले नाहीत यावरच ते वाद घालतील. ब्रँड तुमच्या भागात थेट माल पाठवणार असेल तर त्यात तुमचा वाटा किती, तेही लिहून घ्या. तोंडी कबुलीवर विश्वास ठेवू नका.

इन्व्हॉइसवर नुसतं 'काइट' असं लिहू देऊ नका. 2020 च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरची ड्युटी 60 टक्के झाली, पुढे 70, आणि 2021 पासून खेळण्यांना बीआयएसचा शिक्का लागतो. पतंग म्हणजे खेळणं असं कुणाच्या मनात आलं की माल अडकला. जलक्रीडेचं साहित्य, शीर्षक 9506, असं वर्णन वितरकाकडून आधीच लिहून घ्या आणि फोटो क्लिअरिंग एजंटकडे देऊन ठेवा.

आपला पावसाळा हिशेबात धरा. युरोपातला गोदामवाला जुना माल दोन वर्षं ठेवू शकतो. आमच्या दमट उष्म्यात ब्लॅडर, म्हणजे आतल्या हवेच्या नळ्या, चिकटतात, व्हॉल्व्हचा गोंद सुटतो. खोकं न उघडताही काइट म्हातारा होतो. म्हणून वॉरंटी गिऱ्हाइकाच्या बिलापासून सुरू होते की तुम्हाला माल मिळाल्यापासून, हे विचारा. काइटचा बार, म्हणजे हातात धरायची दांडी, विकत घेताना त्याची सुटका यंत्रणा आयएसओ 21853 प्रमाणे आहे का ते पाहा. हे मानक 2020 मध्ये आलं. त्याआधीचे बार स्वस्त मिळतात, पण पुढे कोणी घेत नाही.

दुकानाच्या पाटीवर ब्रँडचं नाव रंगवू नका. नॉर्थ काइटबोर्डिंग हे नाव परवान्यावर चालायचं. 2018 मध्ये ती कंपनी ड्युओटोन झाली, आणि नॉर्थ हे नाव दुसऱ्याच मालासाठी वापरात आलं. ज्यांनी वर्षानुवर्षं पाट्या, टी-शर्ट आणि बोर्ड त्या नावाने केले होते, त्यांनी काय करायचं?

बाकीचं तुम्हालाही ठाऊक आहे. घर गहाण ठेवू नका, सगळी मेल जपा, उधारीवर विस्तार करू नका.

मला सध्या तारून नेतंय ते शिकवणं आणि दुरुस्ती. झिगझॅग टाके घालणारं चांगलं शिलाई मशीन, रिपस्टॉप कापडाचे तुकडे, ब्लॅडरचे पॅच आणि वारा न येणारी जागा एवढ्यावर ते काम उभं राहतं, आणि त्यात कुणाची प्रीऑर्डर लागत नाही. युरोपातून अर्ध्या किमतीत मागवलेले काइट फाटले की माझ्याकडेच येतात, कारण वॉरंटीसाठी ते परत पाठवायचा खर्च परवडत नाही. त्या काइटच्या मालकांकडून मी पूर्ण दर घेतो. तुम्हीही घ्या.