स्वभावावर बोट ठेवण्याआधी

पुणे

चि. मुक्तास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. नव्या शाळेत रुळलीस, बरं वाटलं. पण आठवीच्या मुलांबद्दल ‘ही पोरं स्वभावानंच उनाड’ असं तू लिहिलंस, ते मला पटलं नाही. बाईंनी एकदा असा शिक्का मारला की मूल तो खरा करून दाखवतं.

‘स्वभावाला औषध नाही’ असं आपण सहज म्हणतो. एकोणिसाव्या शतकातही एखाद्या विधवेनं तान्हं मूल मारलं की लोक सगळ्या स्त्रीजातीला बोल लावत. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला अशाच गुन्ह्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती शिक्षा सौम्य झाली. पण त्या निमित्तानं स्त्रीस्वभावावर खूप तोंडसुख घेतलं गेलं. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे संतापून उठल्या. त्यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ मध्ये आपल्या पुण्यातच छापलं गेलं. बायकांच्या माथी मारलेले दोष पुरुषांत नाहीत का, हा त्यांचा रोकडा सवाल होता.

त्याआधीच, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. विधवेनं गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं. काशीबाई नावाची विधवा तिथे आली, तिचा मुलगा जगला. फुले दांपत्यानं १८७४ मध्ये त्याला दत्तक घेतलं. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात रोग्यांवर उपचार करत राहिला. त्याच साथीत रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. काशीबाईला निवारा मिळाला नसता, तर तिच्याही स्वभावावरच लोकांनी बोट ठेवलं असतं.

माणसाला स्वभाव नसतोच, असं मी म्हणत नाही. भीती, मत्सर, माया सगळ्यांच्याच ठायी असते. त्यातलं काय वर येईल, ते पुष्कळदा आपण माणसासमोर काय ठेवतो यावर ठरतं. म्हणून चूक झाली तर ती चूक म्हणूनच सांग, जबाबदारीही घ्यायला लाव. पण मुलाला नाव ठेवू नकोस. गृहपाठ आणला नाही, तर वहीत ‘आळशी’ लिहू नकोस. घरी अभ्यासाला जागा आहे का, पहाटे उठून कामाला जावं लागतं का, हे आधी विचार.

पुढच्या पत्रात मुलांच्या स्वभावाबद्दल लिहू नकोस. त्यांच्या घरी जाऊन काय पाहिलंस, ते लिही.

तुझी,
आत्या