हॅलोवीनची रात्र : भय, खेळ आणि पुस्तक

इ. स. १८१६ च्या जून महिन्यात जिनेव्हा सरोवराच्या काठी काही तरुण मंडळी पावसामुळे घरात अडकून पडली होती. आदल्या वर्षी, एप्रिल १८१५ मध्ये, इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला होता आणि त्यामुळे युरोपचा पुढचा उन्हाळा पार झाकोळून गेला होता. कवी बायरनने भाड्याने घेतलेल्या व्हिला दिओदातीत जर्मन भूतकथांचे एक फ्रेंच भाषांतर वाचले जात असे. त्या वाचनातूनच बायरनने सुचवले की, आपण प्रत्येकाने एकेक भुताची गोष्ट लिहावी. वेळ घालवण्यासाठी मांडलेल्या या डावातून दोन कृती वाङ्मयाच्या इतिहासात राहिल्या : मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाईन’ ही कादंबरी (१८१८) आणि बायरनचे डॉक्टर पोलिडोरी यांची ‘द व्हँपायर’ ही कथा (१८१९).

येथे खेळातून पुस्तक निघाले. प्रस्तुत लेखाचा विषय याच्या उलट दिशेचा आहे. अमेरिकेत ३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीन सणाच्या सुमारास घरांतून आणि सार्वजनिक ग्रंथालयांतून दहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी पुस्तकांवर आधारित खेळांची रात्र योजली जाते. पुस्तकातून खेळ काढताना पुस्तक हरवू नये, आणि भयाची गंमत घेताना एखादे मूल खरोखरीच घाबरून एकटे पडू नये, यासाठी काय करावे, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे.

१. सण आणि त्याचे खेळ

हॅलोवीन म्हणजे १ नोव्हेंबरच्या ‘सर्व संतांच्या दिवसा’ची आदली रात्र. त्यामागे आयर्लंड-स्कॉटलंडमधील केल्टिक लोकांचा ‘साविन’ हा सण असल्याचे मानले जाते. सुगी संपून हिवाळा सुरू होण्याच्या या संधिकाळी मृतांचे आत्मे जवळ येतात अशी समजूत होती. या रात्रीचे खेळ जुने आहेत. टबातील पाण्यावर तरंगणारे सफरचंद हात न लावता दातांनी उचलणे, विस्तवात दोन कवची फळे शेजारी ठेवून ती कशी जळतात यावरून जोडप्याचे भविष्य पाहणे, गोड पावात दडवलेली अंगठी कोणाच्या वाट्याला येते ते पाहणे, हे त्यांतले काही. रॉबर्ट बर्न्सने १७८५ मध्ये ‘हॅलोवीन’ ही दीर्घ कविता लिहिली, तीत अशा अनेक प्रथांचे वर्णन आले आहे.

१८४० नंतरच्या दशकात दुष्काळामुळे आयरिश लोक मोठ्या संख्येने अमेरिकेस गेले. त्यांच्याबरोबर हा सणही गेला. मायदेशी ते सलगम कोरून दिवा करीत. अमेरिकेत त्याची जागा लाल भोपळ्याने घेतली. सोंगे घेऊन दारोदार खाऊ मागण्याची आज प्रसिद्ध असलेली चाल तेथे रूढ झाली ती १९३० च्या सुमारास. म्हणजे खाऊ मागण्यापेक्षा या रात्री एकत्र बसून खेळणे ही चाल कितीतरी जुनी आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलांना तीच अधिक सोयीची वाटते. दारोदार हिंडणे त्यांना ‘लहान मुलांचे’ वाटू लागलेले असते. मोठ्यांच्या मेळाव्यात त्यांना जागा नसते.

२. हे वय आणि नियमांची ओढ

स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी मुले गोट्या कशा खेळतात याचा अभ्यास करून १९३२ मध्ये मुलांच्या नैतिक विचारावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना आढळले की, अकरा-बारा वर्षांच्या सुमारास मुलांना खेळाइतकेच खेळाच्या नियमांचेही आकर्षण वाटू लागते. ती नियमांवर वाद घालतात, अपवाद शोधतात, नवे नियम संमतीने ठरवतात. ज्याने या वयाच्या मुलांचा क्रिकेटचा डाव पाहिला आहे त्याला याचा पुरावा वेगळा नको. खेळापेक्षा भांडण लांबते, आणि त्या भांडणातही मुले रमलेली असतात.

नियमांची ही ओढ भयाच्या बाबतीत फार उपयोगी पडते. भय सुखद कसे होते, हा प्रश्न आपल्या साहित्यशास्त्रालाही नवा नाही. भरताने भयानक हा रस मानला. पण भय हा तर दुःखद अनुभव, मग त्याचा आस्वाद कसा? अभिनवगुप्ताने याचे विवेचन करताना शाकुंतलाच्या आरंभी बाणाच्या धाकाने पळणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेतले आहे. तेथे प्रेक्षकाला ‘मी भ्यालो’ असे वाटत नाही, आणि ‘तो कोणी परका भ्याला’ असेही वाटत नाही. व्यक्तीच्या बंधनातून सुटलेले भय तो अनुभवतो. काव्यात हे अंतर शब्द आणि अभिनय राखतात. खेळात मात्र मूल स्वतःच अंधाऱ्या खोलीत उभे असते. त्याच्या आणि भयाच्या मध्ये पडदा असा नसतो. तेथे ते अंतर नियमांना राखावे लागते. डच इतिहासकार योहान हुइझिंगा यांनी ‘होमो लुडेन्स’ (१९३८) या ग्रंथात खेळाला स्थळ-काळाची आखलेली मर्यादा असते यावर भर दिला आहे. डाव केव्हा संपणार आणि त्यातून बाहेर कसे पडायचे हे ठाऊक असेल, तरच अंधाराची गंमत वाटते.

३. पुस्तकातून खेळ कसा काढावा

अशा प्रसंगी सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट उपाय म्हणजे प्रश्नमंजूषा. ज्याने पुस्तक वाचले आहे तो भराभर उत्तरे देतो. ज्याने वाचलेले नाही तो भिंतीला टेकून बसतो, आणि पुस्तक म्हणजे आपली फजिती करणारी वस्तू ही त्याची समजूत अधिक पक्की होते. यावर एक साधे सूत्र सुचवावेसे वाटते : पुस्तक वाचकाकडून जे काम करून घेते, तेच काम खेळाने मुलाकडून करून घ्यावे. मग पुस्तक आधी वाचलेले असण्याची गरज उरत नाही. चार उदाहरणांनी हे स्पष्ट होईल.

(अ) एडगर अॅलन पो याच्या ‘द पर्लॉइन्ड लेटर’ (१८४४) या कथेत पोलीस घराचा कानाकोपरा धुंडाळतात. पण चोरलेले पत्र उलटवून, वेगळ्या रूपात, सर्वांच्या डोळ्यांसमोर ठेवलेले असते. खेळही तसाच करावा. एक पाकीट खोलीत उघड्यावर ठेवावे, मात्र जुन्या बिलासारखे दिसेल असे. मुलांनी हात पाठीमागे बांधून फिरावे. ज्याला ते दिसेल त्याने काही न बोलता जागेवर येऊन बसावे. डोळ्यांसमोरची वस्तू न दिसणे म्हणजे काय, ते मुलांना न सांगता कळते.

(आ) ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ (१८९७) ही कादंबरी रोजनिश्या, पत्रे, तारा आणि वर्तमानपत्रांतील कात्रणे यांची मिळून झालेली आहे. कोणाही एका पात्राला सगळी हकीकत ठाऊक नसते. मीना हे सारे कागद टंकलिखित करून कालक्रमाने लावते, तेव्हा शत्रूचे स्वरूप स्पष्ट होते. यजमानाने स्वतः रचलेल्या एखाद्या साध्या रहस्याचे बारा कागद करून मुलांत वाटावेत. प्रत्येकाने आपला कागद वाचून दाखवावा, पण हातचा सोडू नये; आणि सर्वांनी मिळून कागद धरलेल्या मुलांनाच क्रमाने रांगेत उभे करावे. येथे बुजऱ्या मुलाचा कागदही इतरांइतकाच लागतो. त्याला वगळून रांग पुरी होत नाही.

(इ) वॉशिंग्टन अर्व्हिंगच्या ‘द लेजंड ऑफ स्लीपी हॉलो’ (१८२०) या कथेत मुंडके नसलेला घोडेस्वार इकाबॉड क्रेन या शाळामास्तराचा पाठलाग करतो. दुसऱ्या दिवशी मास्तर नाहीसा झालेला असतो; सापडते ती त्याची हॅट आणि शेजारी फुटलेला भोपळा. तो घोडेस्वार भूत होता की मास्तराचा प्रतिस्पर्धी ब्रॉम बोन्स, हे लेखक स्पष्ट सांगत नाही. भोपळ्याचा उल्लेख निघाला की ब्रॉम हसतो, एवढेच सुचवतो. ही कथा थोडक्यात सांगून न्यायालय भरवावे : एक पक्ष भुताचा, एक ब्रॉमच्या विरुद्धचा, उरलेली मुले पंच. नियमांवर वाद घालण्याची हौस येथे पुरेपूर भागते, आणि अर्व्हिंगने मोकळी सोडलेली जागा मुले आपल्या युक्तिवादाने भरतात.

(ई) ‘फ्रँकेन्स्टाईन’साठी घडीच्या कागदाचा जुना खेळ घ्यावा. एकाने डोके काढून कागद दुमडावा, दुसऱ्याने न पाहता धड, तिसऱ्याने पाय. कागद उलगडला की हशा पिकतो. पण तेथे थांबू नये. फ्रँकेन्स्टाईन हे निर्मात्याचे नाव आहे. त्याने घडवलेल्या प्राण्याला कादंबरीत नावच नाही, कारण डोळे उघडताच निर्माता त्याला टाकून पळतो. म्हणून त्या तिघांनी आपल्या चित्राला एक नाव द्यावे, आणि जागा झाल्यावर तो पहिला प्रश्न कोणता विचारील तो खाली लिहावा. हसणारी मुले येथे क्षणभर थांबतील. कादंबरीचा गाभा त्या प्रश्नातच आहे.

४. काही व्यावहारिक सूचना

आठ ते बारा मुले आणि दोन तास एवढा बेत पुरे. आरंभी उजेडातले, हालचालीचे खेळ घ्यावेत. दिवे मंद करणे आणि गोष्ट शेवटी. बाद होण्याचे खेळ टाळावेत, कारण पहिला बाद होणारा बहुधा तोच असतो ज्याला आधीच एकटे वाटत असते. एका कोपऱ्यात दिवा लावून एक खुर्ची ठेवावी. ज्याला नको वाटेल त्याने कारण न सांगता तेथे जाऊन बसावे, आणि तेथे बसणाऱ्याकडे घड्याळ देऊन वेळ सांगण्याचे काम सोपवावे. असे केले की माघार घेणाऱ्याचा मान राहतो. भोपळ्यात मेणबत्तीऐवजी विजेरीचा दिवा असावा. सोंगांचे कपडे लवकर पेट घेतात. एकाच टबात सर्वांनी तोंड घालण्यापेक्षा दोरीला टांगलेले सफरचंद खावे. तीही जुनीच प्रथा आहे. शेंगदाणे, अक्रोड कोणाला बाधतात का, हे पालकांना आधी विचारावे.

पुस्तकांची निवडही पालकांना अगोदर कळवावी. भय कोणाला किती सोसते याबाबत मतभेद असतात. अॅल्विन श्वार्ट्झ यांनी लोककथांवरून रचलेल्या भूतकथांचा पहिला संग्रह १९८१ मध्ये निघाला. मुलांनी त्या गोष्टी आवडीने वाचल्या, आणि १९९० ते १९९९ या दशकात अमेरिकन ग्रंथालयांतून ज्यांच्यावर सर्वाधिक आक्षेप नोंदले गेले त्यांत या मालिकेचा क्रमांक पहिला लागला. उलटपक्षी, पुस्तकात मुलांची मेजवानी आहे म्हणून ते मुलांसाठी ठरत नाही. अगाथा ख्रिस्तीच्या ‘हॅलोवीन पार्टी’ (१९६९) या कादंबरीत सफरचंदांच्या त्याच टबात एका मुलीचा खून होतो.

५. समारोप

रात्रीच्या शेवटी यजमानाने एका पुस्तकाची पहिली काही पाने वाचावीत आणि ऐन उत्कंठेच्या जागी पुस्तक मिटावे. टेबलावर त्या रात्रीची सर्व पुस्तके मांडलेली असावीत, म्हणजे ज्याला हवे त्याने ते घरी न्यावे. इंग्रज लेखक नील गेमन यांनी २०१० मध्ये असेच सुचवले होते की, हॅलोवीनला एकमेकांना एखादे भीतीचे पुस्तक द्यावे. रात्र साधली की नाही, याची कसोटी कोणाला किती बक्षिसे मिळाली ही नसून त्या टेबलावरून किती पुस्तके उचलली गेली, ही आहे.

आरंभी ज्या डावाचा उल्लेख केला त्याची एक हकीकत सांगायची राहिली. ‘फ्रँकेन्स्टाईन’च्या १८३१ च्या आवृत्तीस जोडलेल्या प्रस्तावनेत मेरी शेली लिहिते की, इतरांनी गोष्टींना आरंभ केला तरी तिला काही सुचेना. रोज सकाळी तिला विचारणा होई आणि रोज तिला शरमेने ‘नाही’ म्हणावे लागे. बायरनसारखा कवी आपली कथा अर्धवट टाकून मोकळा झाला. ‘नाही’ म्हणणाऱ्या त्या अठरा वर्षांच्या मुलीने मात्र कादंबरी पुरी केली. मुलांसाठी खेळ योजणाऱ्याने ही हकीकत लक्षात ठेवावी. कोपऱ्यातल्या खुर्चीवर घड्याळ घेऊन बसलेल्या मुलाला त्या रात्री काही सुचले नाही, तर न सुचो. जाताना त्याच्या हाती एक पुस्तक असले म्हणजे झाले.